मागच्या भिंतीचा मारुती

देवळाच्या जाळीच्या दाराला लावलेलं कुलूप नवंकोरं होतं, इतकं की त्याच्या कडीला दुकानातला प्लास्टिकचा तुकडा अजून चिकटलेला होता. ते बघून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कुलूप जुनं असतं तर मी मनाची समजूत घातली असती की पुजारी विसरभोळा आहे, दुपारची झोप काढायला गेला असेल. पण इथे कुणीतरी मुद्दाम दुकानात गेलं होतं, दोन-चार कुलपं हातात घेऊन जोखली होती आणि त्यातलं एक आमच्यासाठी निवडलं होतं. या उन्हाळ्यातली ही गोष्ट. मुदखेडला परत येऊन आता बरेच दिवस झाले, शाळा सुरू झाली, तरी ते कुलूप माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

त्या दिवशी माझ्या हातात ओवाळणीचं ताट होतं आणि दादाचा मुलगा नितीन मुंडावळ्या बांधून घोडीवर बसला होता. आमच्या लातूर भागात लग्नाच्या आधी नवरदेव वाजतगाजत मारुतीच्या पाया पडायला जातो. त्याला परण्या म्हणतात. गावातल्या बाकीच्यांचा परण्या देवळात जातो. आमचा, मांगवाड्याचा परण्या आजवर देवळाच्या मागच्या भिंतीपर्यंतच गेलेला. तिथे नारळ फोडायचा, भिंतीला हात लावायचा आणि परत फिरायचं. यंदा नितीननं पत्रिका छापायच्या आधीच सांगून टाकलं होतं, की पुढच्या दारानं जाणार, नाहीतर परण्याच काढणार नाही. पोलीस ठाण्यात अर्जही दिला होता, म्हणून एक जमादार मोटारसायकल लावून झाडाखाली उभा होता. गावानं नाही म्हटलं नव्हतं. गाव हल्ली नाही म्हणत नाही. पुजारी उदगीरला गेलाय आणि किल्ली त्याच्याच खिशात आहे, एवढंच आम्हाला कळवण्यात आलं.

कुलूप दिसल्यावर जे झालं ते आठवलं की मला हसावं की रडावं कळत नाही. माझी माय सगळ्या बायकांच्या पुढे होती. तिला कुणी काही सांगितलं नाही, कुणी खूणही केली नाही. कुलूप बघताच ती डावीकडे वळली आणि भिंतीच्या कडेकडेनं देवळाच्या मागे चालू लागली. तिच्या मागून बाकीच्या म्हाताऱ्या, मग हलगीवाले, मग करवल्या. बघता बघता अर्धी मिरवणूक कोपऱ्याआड गेली. पायांना रस्ता पाठ होता. पुढे उरलो घोडी, नितीन, दादा आणि मी. मागून हलगी जोरात वाजत होती आणि आम्ही कुलपासमोर उभे. हलगी दम खायला थांबली तेव्हा नितीननं हाक मारली, "आजी, म्हागारी ये. म्या तिकडं येत न्हाई."

माय परत आली. तिचे गुडघे दुखतात, त्यात ऊन मी म्हणत होतं. इकडे तिकडे बघून ती देवळाच्या पायरीवरच बसली. आमच्यातलं कुणी त्या पायरीवर बसलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. तिलाही ते बहुतेक बसल्यावर कळलं, पण ती उठली नाही.

आता वाट बघण्याशिवाय काम नव्हतं, आणि वाट बघणं मला जमत नाही. मी ताट या हातातून त्या हातात घेत होते, जाळीतून आत बघत होते, आतल्या अंधारात काही दिसत नव्हतं. मन एका जागी थांबेना. ते जुन्या गावात जाऊन यायला लागलं.

जुनं गाव म्हणजे भूकंपाच्या आधीचं, किल्लारीच्या अंगाला होतं ते. आता तिथे बाभळी माजल्यात. तिथल्या देवळाला दगडाच्या जाड भिंती होत्या. शनिवारी दिवस मावळताना माय मला घेऊन निघायची. तिच्या पदराआड तेलाची वाटी असायची. देवळापुढे गावातल्या बायका रुईच्या पानांच्या माळा घेऊन उभ्या असायच्या, आम्ही कडेच्या बोळातून मागे. मागे कायम ओल. देवाला घातलेलं पाणी भिंतीतल्या एका भोकातून तिथे यायचं. तेलाचा, शेंदराचा आणि कुजक्या फुलांचा मिळून एक जड वास त्या पाण्याला होता. अजूनही कुठे तो वास आला की मी आपोआप चपला काढायला वाकते.

त्या भिंतीत एक मोठा काळा दगड होता. आमच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या शेंदूर फासून तो लाल केला होता आणि कपाळं टेकून टेकून गुळगुळीत केला होता. माय त्याला तेल लावायची, डोकं टेकायची आणि बराच वेळ त्याच्याशी काहीबाही बोलायची. बाचा दमा, दादाचा ताप, पाऊस, सगळं त्या दगडाच्या कानावर जायचं. आतून घंटा वाजली की मला ती दगडाच्या पोटात वाजल्यासारखी वाटायची. आत दुसरा कुणी आहे हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. तो दगड म्हणजेच मारुती, असं मी धरून चालले होते. गावातले लोक पुढच्या दारानं आत जातात, म्हणजे बिचारे त्याच्या पाठीला पाया पडतात. त्याचं तोंड आमच्या बाजूला आहे. मला गावातल्या लोकांची थोडी दयाच यायची.

हनुमान जयंतीच्या आसपास शाळेत गुरुजींनी मारुतीचं चित्र काढायला सांगितलं. मी फार मन लावून काढलं. दगडांची भिंत, मधला मोठा दगड, खाली भोक आणि त्यातून पाण्याचा ओघळ. पोरं खो खो हसली. शेपूट कुठाय, गदा कुठाय, असं विचारून त्यांनी मला भंडावून सोडलं. गुरुजी हसले नाहीत. ते चित्राकडे बघत राहिले आणि मग खाली 'सुबक' असा शेरा देऊन त्यांनी पाटीवरच सही केली. मी ती पाटी पुसू देईना, माय ओरडली तेव्हा पुसली. गुरुजींनी मला खरं सांगायला हवं होतं, असं आता स्वतः शिक्षिका झाल्यावर वाटतं. आणि काय सांगणार होते ते, असंही वाटतं.

मी नागरिकशास्त्र शिकवते. अस्पृश्यता नष्ट केली आहे, ती पाळणं गुन्हा आहे, सार्वजनिक देवळात जायचा हक्क सगळ्यांना आहे, ही वाक्यं मी लहानपणी पाठ केली, त्यांवर पैकीच्या पैकी गुण मिळवले आणि त्याच शनिवारी मायसोबत मागच्या बोळात गेले. तेव्हा त्यात काही विचित्र वाटलं नाही. पुस्तकातलं पुस्तकात आणि गावातलं गावात. आता वर्गात ती वाक्यं वाचताना माझा आवाज उगाच चढतो आणि पहिल्या बाकावरची मुलं दचकतात.

घोडी पाय आपटायला लागली तशी मी भानावर आले. निलंग्याहून आलेले घोडीवाले रशीदभाई ओलं फडकं तिच्या मानेवर फिरवत होते. जनावर उन्हात किती उभं ठेवू, असं त्यांनी मला दोनदा विचारलं होतं, म्हणून नितीन खाली उतरून आजीशेजारी बसला होता. दादाचा जीव खालीवर होत होता. हदगावकडचे व्याही येऊन मांडवात बसलेत, मुहूर्त टळतोय, पोरीच्या बापाला काय सांगू, मागं नारळ फोडू आणि मोकळं होऊ, असं तो माझ्या कानाशी पुन्हा पुन्हा म्हणत होता. दादा भित्रा नाही. त्याला या गावात राहायचंय, मला रविवारी रात्रीच्या गाडीनं जायचंय, हा आमच्यातला फरक आहे.

माझी मुदखेडच्या शाळेतली मैत्रीण सुजाता बौद्ध आहे. लग्नाची गोष्ट निघाली तेव्हा ती मला म्हणाली होती, "तुम्ही त्या दाराशी जाताच कशाला? आमच्या आजोबांनी छप्पन साली त्या दाराकडं पाठ फिरवली आणि आमच्या माना मोकळ्या झाल्या." मला तिचं पटतं. मी स्वतः वर्षानुवर्षं कुठल्या देवापुढे हात जोडलेला नाही. तरी त्या दुपारी मला ते दार उघडून हवं होतं. पाठ फिरवायची तर आधी तोंडासमोर दार उघडं पाहिजे ना. बंद दाराकडे पाठ फिरवली तर लोक म्हणणार, हाकललं म्हणून गेले. हे मी सुजाताला सांगितलं नाही, ती हसली असती.

देवळासमोर पाटलांचं घर आहे. त्याच्या गच्चीवर एक म्हातारी बाई पांढऱ्या पातळात उभी होती आणि खाली पायरीवर बसलेल्या मायकडे बघत होती. मायही वर बघत होती. दोघींपैकी कुणी हात केला नाही. ती पाटलीणबाई. तिला बघितलं आणि मला तो पत्र्यांचा काळ आठवला, जो आठवायचं मी टाळत असते.

गणपती बोळवून गाव निजलं आणि पहाटे जमीन हलली. गावातली दगडामातीची मोठी घरं बसली. आमच्या झोपड्या कुडाच्या, वाकड्या झाल्या, पण त्यांनी आम्हाला मारलं नाही. बा आणि वस्तीतले लोक दोर वळायचे, घायपाताचे चांगले पिळदार दोर घरोघर होते. ते घेऊन सगळे गावात धावले. दिवसभर त्यांनी माणसं ओढून काढली. त्या दिवशी बाच्या हाताला कुणी बाजूला सर म्हटलं नाही. बऱ्याच जणांत म्हणण्याजोगं काही उरलंही नव्हतं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी कुणीतरी म्हणालं, देव खाली आहे. तेव्हा बानंच दोर लावून मारुतीला वर काढलं आणि छातीशी धरून मोकळ्या रानात आणलं. त्याच्या सदऱ्याला शेंदूर लागला. मायनं तो सदरा कितीदा धुतला, शेंदूर गेला नाही.

तेव्हा मी मारुती पहिल्यांदा पाहिला. माझा दगड नव्हता तो. हा लहानसा होता, एक चांदीचा डोळा पडलेला, नाक झिजलेलं. मी खूप हिरमुसले. चार लाकडी मेढी रोवून, वर पत्रा टाकून त्याला तिथे ठेवला होता, आणि भोवती आम्ही सगळे तसल्याच पत्र्यांखाली. रांगा लावून दिलेल्या शेडमध्ये कुणाच्या शेजारी कोण हे बघायला कुणाला त्राण नव्हतं. पत्र्यावर पाऊस पडला की बोललेलं ऐकू यायचं नाही. रॉकेलचा वास, मदतीत आलेल्या घोंगड्यांचा परका वास, एकाच कढईतली खिचडी, एकाच टँकरपुढे लावलेल्या घागरी. रात्री कुणीतरी रडायला लागायचं आणि मग ज्या बाईला जाग येईल ती उठून जायची, कुठल्याही घरातली असो. आम्ही पोरं दिवसभर देवाभोवती खेळायचो. त्याला भिंत नव्हती. त्यामुळे पुढची बाजू आणि मागची बाजू असं काही राहिलं नव्हतं.

असं मला वाटायचं. पण शनिवार आला आणि माय तेलाची वाटी घेऊन निघाली. चारी बाजूंनी मोकळं होतं, तिला कुणी अडवणारं नव्हतं, आणि तरी ती वळसा घालून देवाच्या मागे गेली. तिथे खाली बसली, मूर्तीच्या पाठीला तेल लावलं आणि त्या पाठीवर कपाळ टेकलं. पाटलीणबाई समोर बसल्या होत्या. त्यांची दोन्ही लेकरं गेली होती. त्या मायला म्हणाल्या, "मागं काय हाय बाई, म्होरं ये." माय म्हणाली, "आमचं हितंच हाय."  पाटलीणबाई उठल्या आणि मागे येऊन मायच्या शेजारी जमिनीवर बसल्या. दोघी त्या दगडी पाठीकडे तोंड करून बसून राहिल्या. मला त्या दोघींची पाठ दिसत होती.

त्या दिवसांची मला ओढ वाटते, हे कुणाला सांगण्यासारखं नाही. एवढी माणसं गेली आणि हिला ते दिवस चांगले वाटतात, असं लोक म्हणतील. पण माझ्या आयुष्यात गाव म्हणून काही होतं तर ते त्या पत्र्यांखाली होतं. पुढे नवं गाव बांधून झालं. नकाशावर सगळे प्लॉट सारखे होते, रस्ते सरळ होते, आणि राहायला गेल्यावर बघतो तर आम्ही पुन्हा आमच्या टोकाला. नवं देऊळ झालं, सिमेंटचं, फरशीचं. मूर्ती बसवायच्या आधी ती दुधानं, दह्यानं, गोमूत्रानं कितीदातरी धुतली. बा लांबून बघत होता. तो माझ्याकडे वळून हसत म्हणाला, "देव पडला म्हनून धुतला, का म्या उचलला म्हनून?" मी लहान होते, मलाही हसू आलं. बा त्या देवळात कधीच गेला नाही, आणि आता तो नाही. त्याचा तो प्रश्न मात्र मला अजून चावतो.

नव्या देवळाच्या मागे पहिल्या शनिवारी माय गेली तेव्हा भिंत कोरी होती, नुकती रंगवलेली. कुठे डोकं टेकायचं ते तिला कळेना. तिनं हातानं चाचपून अदमास घेतला, आत मूर्ती कुठे असेल तो, आणि तिथे शेंदराचं बोट ओढलं. पाटलीणबाईंनी त्यानंतर कधी मायला म्होरं ये म्हटलं नाही. मायनंही वाट बघितली नसावी. का, कसं, कधी बिनसलं, ते मला सांगता येणार नाही. भिंत उभी राहिली, एवढं खरं.

दादा पुन्हा माझ्याकडे आला तेव्हा मी ताट त्याच्या हातात दिलं आणि जमादाराकडे गेले. ते वयस्कर होते, बोलायला मऊ होते. "मॅडम, अडवलंय का कुणी तुम्हाला? कुलूप तर हाय. भाईरून हात जोडा, देवाला समदं सारखंच," ते म्हणाले. मी म्हटलं, कुलूप आपोआप लागत नाही, ते माणूस लावतो. मला त्या माणसाचं नाव हवंय. नाव मिळालं नाही तर मी नवरदेव, नवरी, वऱ्हाड आणि घोडी घेऊन ठाण्यात येते आणि तक्रार लिहूनच मग अक्षता टाकू.  जमादारांनी माझ्याकडे बघितलं, पायरीवर बसलेल्या आजी-नातवाकडे बघितलं आणि फोन काढून झाडामागे गेले.

थोड्या वेळानं पुजारी आला. उदगीर केवढं लांब, आणि हा पलीकडच्या गल्लीतून आला, ओल्या केसांचा, अंगात बनियन, हातात किल्ली.  रशीदभाई खाकरले. पुजाऱ्यानं कुलूप काढलं, प्लास्टिकचा तुकडा खाली पडला, आणि तो दाराच्या कडेला, तोंड फिरवून उभा राहिला.

नितीन आत गेला. त्याच्या मागून त्याचे मित्र, करवल्या, हलगीवाले दारापर्यंत. घंटा वाजली, मग वाजतच राहिली, पोरं थांबेनात. मीही गेले. आत गार होतं. मारुती तसाच लहान, नवे डोळे लावलेला, तेलकट. मला वाटलं होतं मला रडू येईल, निदान राग तरी. काहीच आलं नाही. मी त्याच्या नाकाकडे बघत राहिले, ते अजून झिजलेलंच होतं. दादा मात्र हुंदके देत होता, पालथ्या हातानं डोळे पुसत होता. त्याच्या स्वतःच्या लग्नात तो मागच्या भिंतीपासूनच परत आला होता.

मग माझ्या लक्षात आलं की माय आत आलेली नाही. मी बाहेर आले. ती पायरीवरच होती. चपला बाजूला नीट ठेवून, पाय लांब करून, पाठ देवळाच्या खांबाला टेकवून बसली होती. तिची पाठ देवाकडे आणि तोंड गावाकडे. रस्त्यावरून माणसं थांबून थांबून जात होती. समोरच्या गच्चीवर पाटलीणबाई अजून उभ्या होत्या.

मी तिला म्हटलं, माय, दार उघडलंय, चल आत. मांडवात सगळे खोळंबलेत. तिनं मला हातानं बाजूला सारलं, मी तिच्यासमोर आडवी आले होते म्हणून.

"जाते की," ती म्हणाली. "देव कुटं पळून चाललाय. आदी मला हितं बसू दे. येनाऱ्या-जानाऱ्याला बघू दे."